आकाशपाळण्याच्या खाली

चैत्र लागला की माझ्या दुकानासमोरून आकाशपाळणे जातात. ट्रकमध्ये आडवे घातलेले असतात. लोखंडी आरे एकावर एक रचलेले, त्यांच्यावर रंगीत डबे दोरखंडाने आवळलेले. मागच्या ट्रकात ड्रॅगनच्या रेल्वेचं मुंडकं ताडपत्रीतून बाहेर आलेलं असतं आणि ते मागून येणाऱ्या एसटीकडे दात विचकून बघत असतं. कोरेगावात माझं मेडिकलचं दुकान रस्त्याला लागूनच आहे, त्यामुळे जत्रांचा हंगाम सुरू झाल्याचं मला कॅलेंडर न बघता कळतं. ऊसतोड संपलेली असते, रानं मोकळी झालेली असतात, उन्हाला नुसती धार आलेली असते. मी उलटीच्या गोळ्यांचा डबा पुढच्या फळीवर आणून ठेवतो. या दिवसांत त्या गोळ्या फार खपतात.

ट्रक बघून रस्त्यावरची पोरं ओरडतात. माझ्या पोटात मात्र एक जुनी गोष्ट कूस बदलते. तिला मत्सर म्हणायला मला बरीच वर्षं लागली. आधी मी तिला काळजी म्हणायचो, मग थकवा, मग पित्त. औषधांच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला अशी नावं लगेच सुचतात.

आमच्या गावच्या जत्रेत पूर्वी लाकडी पाळणा यायचा. चार डबे, आणि तो दोन माणसं हातांनी फिरवायची. मी आठ वर्षांचा होतो आणि माझा धाकटा भाऊ रणजित पाच. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हाला दोघांना दोन्ही बाजूंना घेऊन डब्यात बसवलं. पाळणा वर गेला तेव्हा मला आनंद झाला, हे मला स्पष्ट आठवतं. तो खाली येऊ लागला तेव्हा पोटातलं सगळं गळ्यापर्यंत आलं, आणि दुसऱ्या फेरीला मी ओकलो, तेही खालच्या डब्यातल्या एका पाहुण्याच्या पांढऱ्या टोपीवर. पाळणा थांबला. अण्णांनी मला उतरवलं, माझं तोंड पुसलं आणि बाकीची फेरी पुरी करायला रणजितला घेऊन परत वर गेले. रणजित वरून हसत होता. मला हसत नव्हता, नुसताच हसत होता.

पुढच्या वर्षी अण्णा म्हणाले, "थोरल्याला नगं. त्येला सोसत न्हाई. त्यो चपला धरून हितं उभा ऱ्हाईल."

त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. पण मी दरवर्षी दोघांच्या चपला घेऊन खाली उभा राहू लागलो. वर बघितलं तरी मला गरगरायचं, म्हणून मी जमिनीकडे बघायचो. जमिनीवरून पाळण्याची सावली जायची. एक डबा, दुसरा डबा, तिसरा. तिसऱ्यात अण्णांच्या फेट्याची सावली असायची आणि तिला चिकटलेली एक छोटी सावली. मी त्या छोट्या सावलीवर पाय ठेवायचो. ती पायाखालून निघून जायची आणि थोड्या वेळाने परत यायची.

रणजित एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. मी फार्मसीची पदविका घेतली, दुकान टाकलं. गावात दोघांनाही मान होता. रात्री-अपरात्री कुणाला ताप आला तर लोक माझ्या दाराशी यायचे, आणि तो सुट्टीवर आला की गाव त्याच्या दाराशी यायचं. दार एकच होतं, म्हणून हा फरक फक्त मलाच कळायचा. तो कुठल्या तरी बर्फाच्या चौकीवरचे किस्से सांगायचा आणि लोक चहा गार होईपर्यंत ऐकायचे. मी खोकल्याच्या औषधाबद्दल सांगितलेलं मात्र त्यांना तीनदा परत सांगावं लागायचं.

एका बाबतीत मी पुढे होतो. मला मुलगी होती. ईश्वरी, आम्ही तिला इशू म्हणतो. रणजितच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्याला मूल नव्हतं. त्याची बायको पूनम शिराळ्याची. शांत मुलगी. दवाखान्यांच्या फेऱ्या करून करून ती अजूनच शांत झाली होती. हे लिहिताना मला लाज वाटते, पण आपण भावाच्या पुढे आहोत असं मनात कुठेतरी धरून बसलो होतो, हे खरं आहे.

सहा वर्षांपूर्वीच्या चैत्रात तो दीड महिन्याची सुट्टी घेऊन आला. बऱ्याच वर्षांनी त्याची सुट्टी जत्रांच्या दिवसांत पडली होती. इशू तेव्हा सात वर्षांची होती. पहिल्या दिवशी ती त्याच्यापासून लाजून आईच्या मागे लपली. चौथ्या दिवशी ती त्याच्या ताटात जेवत होती. आठव्या दिवसापासून आमच्या घरात "काका म्हणाला" याशिवाय वाक्य सुरू होईना. काका म्हणाला दूध उभ्याने पिऊ नये. काका म्हणाला बूट असे ओळीत ठेवायचे. तेच बूट ओळीत ठेवायला मी वर्षभर सांगत होतो.

तो तिला आसपासच्या प्रत्येक जत्रेत घेऊन जायचा. मीही जायचो. दुकान माझ्या बायकोवर, मनीषावर सोपवून जायचो. ती म्हणायची, "तुम्ही कशाला जाताय? तुम्हाला गर्दी आवडत नाही, धूळ सोसत नाही." मी म्हणायचो, पोरीची काळजी वाटते. मग कुंपणाच्या लोखंडी पाइपला टेकून उभा राहायचो, हातात इशूच्या सँडल, रणजितच्या चपला, त्याचा मोबाइल, त्याची गाडीची किल्ली. टोरा-टोरा कसा गिरक्या घेताना मध्येच उसळी मारतो, ब्रेक डान्सच्या खुर्च्या कुठल्या वळणाला झटका देतात, ड्रॅगनची रेल्वे चढावर कशी दम खाते, हे सगळं मला पाठ झालं. कोपऱ्यात मौत का कुआँ असायचा, त्याच्या फळ्या मोटारसायकलींनी थरथरायच्या. डिझेलचा वास, ग्रीसचा वास, तळलेल्या भज्यांचा वास. प्रत्येक खेळातून उतरताना इशू घामेजलेली, केस विस्कटलेली, डोळे चमकणारी अशी माझ्याकडे यायची, सँडल घालायची आणि परत त्याचं बोट धरायची. माझ्याकडे ती चपलांपुरती येत होती.

त्याच महिन्यात आम्ही सांगलीला गेलो. पूनमला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं. उपचार आधी झाले होते, ते लागू पडले का ते त्या दिवशी कळणार होतं. मनीषा तिच्याबरोबर दवाखान्यात थांबली. दवाखान्यात वेळ लागेल म्हणून आम्ही तिघं जवळच्या मैदानावरच्या आनंदमेळ्यात गेलो. दुपार उतरत होती, गर्दी अजून झाली नव्हती. इशूला कोलंबसमध्ये बसायचं होतं. कोलंबस म्हणजे मोठी होडी, झोपाळ्यासारखी झुलते, आणि एका बाजूला इतकी वर जाते की बसलेली माणसं जवळजवळ उभी दिसतात.

"दादा, ह्ये धर," रणजित म्हणाला आणि मोबाइल माझ्या हातात देऊन तो तिला घेऊन शेवटच्या रांगेत जाऊन बसला. सगळ्यात जास्त वर तीच रांग जाते.

होडी हलायला लागली आणि माझ्या हातातला फोन वाजला. पडद्यावर पूनमचं नाव होतं. मी उचलला. मी बोलायच्या आतच ती म्हणाली, "आवं, न्हाई झालं. ह्या बारीलाबी न्हाई. बाई म्हणाल्या आता नादी लागू नका."

मी म्हणालो, "पूनम, मी दादा बोलतोय. तो पाळण्यात बसलाय."

थोड्या वेळाने फोन बंद झाला.

मी भोवळीची पर्वा न करता समोर बघितलं. होडी त्या टोकाला गेली होती. माझा भाऊ आणि माझी मुलगी आभाळाच्या कडेला टेकून बसले होते आणि तोंड उघडून हसत होते. त्याला अजून माहीत नव्हतं, मला माहीत होतं. एखाद्या चांगल्या माणसाला त्या क्षणी फक्त वाईट वाटलं असतं. मलाही वाटलं. पण त्याच वाईट वाटण्याच्या बाजूला, अगदी खेटून, दुसरं काहीतरी उभं होतं. ते म्हणत होतं, बघ, ती तुझ्याबरोबर अशी कधी हसली आहे का?

तो उतरला. मी फोन दिला. "पूनमचा आला हुता," एवढंच सांगितलं. तो जनरेटरच्या पलीकडे जाऊन बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. त्याने इशूकडे बघितलं आणि म्हणाला, "इशू, आजून एकदा बसायचं?"

"पुरं झालं आता," मी म्हणालो. "तिला चक्कर येईल."

तिला चक्कर येत नव्हती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तो "बरं" म्हणाला आणि आम्ही दवाखान्याकडे चालू लागलो. वाटेत त्याने तिचं बोट धरलं नाही. तिनेच त्याचं धरलं.

मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे, की मी त्याला आणखी एक फेरी का दिली नाही. पाच मिनिटांची तर गोष्ट होती. त्याला आयुष्यभर पुरेल असं काही तरी त्या दिवशी हातातून गेलं होतं आणि तो पाच मिनिटं एका पोरीशेजारी बसायला मागत होता. मत्सर आंधळा असतो असं मला वाटत नाही. मला सगळं दिसत होतं.

मग आमच्या गावची जत्रा आली. आमच्याकडे पालखी दोन दिवस असते, पण पाळणे आठवडाभर राहतात. पहिल्याच संध्याकाळी आम्ही गेलो. आता लाकडी पाळण्याच्या जागी विजेवर चालणारा उंच आकाशपाळणा येतो, आरे दिव्यांनी मढवलेले. इशू आणि रणजित ओळीने तीन फेऱ्या बसले. मी नेहमीच्या जागी होतो. तिसऱ्या फेरीनंतर डब्याचा अडसर काढताना पाळणेवाला रणजितला म्हणाला, "फौजी, पोरगी लय धीट हाय की तुमची. तुमच्यावरच गेलीया."

रणजित हसला. त्याने इशूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "धीट हायच ती."

बस, इतकंच. तो खोटं काही बोलला नव्हता. फक्त खरं सांगायचं राहून गेलं होतं. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि माझ्या दोन्ही हातांत चपला होत्या.

घरी आलो. इशू आत गेल्यावर अंगणात मी त्याला थांबवलं. आई तिथेच ज्वारी पाखडत बसली होती.

"त्या माणसाला सांगायचंस की, पुतणी हाय म्हणून."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो म्हणाला, "व्हय. सांगायला पायजे हुतं."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "पोरगी माझी हाय, रणजित. तुला न्हाई म्हणून माझी घिऊ नगंस."

आईच्या हातातलं सूप थांबलं. रणजित माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं तो चिडेल, निदान शिवी देईल. चिडला असता तर फार बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "चुकलं माझं, दादा," आणि आत गेला.

आई उठली. जाताना म्हणाली, "बोललास न्हवं? आता बरं वाटतंय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बॅग भरली. युनिटमधून फोन आलाय, ताबडतोब बोलावलंय, पूनमला वाटेत शिराळ्याला सोडतो, असं सगळ्यांना सांगितलं. सुट्टीचे अजून अठरा-वीस दिवस शिल्लक होते. इशूने त्याची बॅग धरून ठेवली, मग रडली, मग रागावून गच्चीवर जाऊन बसली. तो तिचा निरोप न घेताच गेला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मला हलकं वाटलं. ते किती वेळ टिकलं ते सांगता येत नाही. चहा पिऊन होईपर्यंत असेल.

पुढचे चार दिवस इशू माझ्याशी कामापुरतं बोलली. तिला काही माहीत नव्हतं. ती फक्त उदास होती, आणि उदास मूल घरात असलं की दोषी माणसाला ते आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. रविवार पाळण्यांचा शेवटचा दिवस होता. मी दुकानातून दोन गोळ्या आणल्या, अर्धा तास आधी एक घेतली आणि तिला म्हणालो, "चल, आज मी बसतो तुझ्याबरोबर."

"तुम्ही?" ती म्हणाली.

डब्यात बसलो. अडसर लागला. पाळणा मागच्या बाजूने वर चढतो, त्यामुळे जमीन पायाखालून पुढे सरकताना दिसते. मी डोळे मिटले आणि समोरचा दांडा इतका आवळला की पुढे दोन दिवस बोटं दुखत होती. खाली माणसं भरायला पाळणा थांबला आणि नेमका आमचा डबा सगळ्यात वर राहिला. वारा होता. डबा कुरकुरत होता.

"पप्पा, डोळे उघडा की. मंदिराचा कळस दिसतोय."

"दिसतोय," मी डोळे मिटूनच म्हणालो.

तिने खाली वाकून बघितलं. मग म्हणाली, "काका इथं आला की दरवेळी म्हणायचा, ते बघ तुझे पप्पा, हात कर त्यांना. मी करायचे. तुम्ही वर बघतच नव्हता. नुसते खाली बघत होता."

मी डोळे उघडले. मंदिराचा कळस, ओढ्याकाठची आमराई, पलीकडे तोडलेल्या उसाची पिवळी रानं, सगळं एकदम अंगावर आलं. आणि कुंपणाचा पाइप. तो वरून फार लहान दिसत होता, काडीसारखा. तिथे आता कुणीच नव्हतं. महिनाभर प्रत्येक जत्रेत, प्रत्येक फेरीला माझी मुलगी इतक्या उंचावरून मला हात करत होती, आणि तो तिला आठवण करून देत होता. मी त्याच्यावर राग धरून धुळीत बघत उभा होतो.

"काका काय म्हणायचा, मी वर बघत नाही म्हटल्यावर?"

"म्हणायचा, त्येला सोसत न्हाई. पण आपल्यासाठी उभा हाय बघ." तिने त्याची बोली हुबेहूब काढली.

गोळीचा उपयोग झाला नाही. पाळणा खाली येताना व्हायचं ते झालंच. माझ्या मुलीने माझी पाठ चोळली आणि पाळणेवाल्याला सांगितलं, लवकर थांबवा, माझ्या पप्पांना त्रास होतोय.

दोन दिवसांनी औषध कंपनीचा माणूस दुकानात आला. सातारा, सांगली दोन्ही जिल्हे फिरतो. ऑर्डर लिहून घेताना सहज म्हणाला, "तुमचे फौजीसाहेब काल शिराळ्यात दिसले. सासऱ्यांच्या गोठ्यापाशी बसले होते. सुट्टी आहे वाटतं अजून?" मी "हो" म्हणालो आणि त्याला चहा सांगितला. युनिटमधून फोन आलाच नव्हता. तो दोन तासांच्या वाटेवर होता, आणि मला अवघडायला नको म्हणून तिथे बसून उरलेली सुट्टी संपवत होता.

मी फोन करायला हवा होता. मी केला नाही. त्यानंतर तो दरवर्षी घरी आला. दिवाळीत आला, एकदा श्रावणात आला, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आला. माझ्याशी नीट बोलायचा, दुकानात येऊन बसायचा. इशूसाठी कधी शाल, कधी अक्रोड आणायचा, पण तिला कुठे घेऊन जायचा नाही. चैत्रात मात्र तो कधीच आला नाही. विचारलं की म्हणायचा, सुट्टी मिळत नाही. आणि माझ्या मत्सराची गंमत अशी, की आता तो त्याच्या या वागण्यावर बसला. एवढं मोठं मन त्याच्याकडे कुठून आलं? अण्णांनी तेही त्यालाच वर नेऊन दाखवलं की काय? क्षमा मागण्यातला सोपा वाटा त्याने आधीच उचलला होता, आणि मला अवघड तेवढा ठेवला होता.

यंदा ट्रक गेले ते परवा. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी फोन लावला.

"रणजित, जत्रा आलीया. ये."

"सुट्टी मिळंल असं वाटत न्हाई, दादा."

"खोटं बोलू नगंस. त्या साली शिराळ्यात हुतास तू. मला तवाच कळलं हुतं."

पलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, बुटांचे आवाज येत होते.

"मी लय वंगाळ बोललो हुतो," मी म्हणालो. "सांगलीलाबी तुला परत बसू दिलं न्हाई. त्येबी माझ्या ध्यानात हाय."

मग त्याने विचारलं, "इशू केवढी झाली?"

"सातवीतनं आठवीत जाईल. मैत्रिणींबरोबर बसती आता. मला लांब उभं ऱ्हा म्हणती."

तो हसला. थोडंसंच. मग म्हणाला, "पूनमलाबी आणतो. पालखी कवा हाय?"

गावच्या पालखीची तिथी त्याला पाठ आहे, जगात कुठेही असला तरी. तरी त्याने विचारलं आणि मी सांगितली.

संध्याकाळी इशूला सांगितलं. ती अभ्यासाला बसली होती. "काका जत्रेला येतोय?" म्हणाली आणि वही तशीच टाकून आजीला सांगायला धावली. पायऱ्यांवरून उतरतानाचा तिचा आवाज घरभर ऐकू येत होता. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी, इतकं सगळं समजल्यावर, आता काही होणार नाही. पण झालं. पोटातल्या त्या जुन्या गोष्टीने पुन्हा कूस बदलली. मी थोडा वेळ तिच्यासकट बसून राहिलो.

मग सकाळी उठून माळ्यावरची मोठी गादी खाली काढली, गच्चीवर नेली, काठीने झोडपली आणि दोघांसाठी उन्हात टाकली.